पेशी मेली, पण कशामुळे?

‘हळदीतल्या घटकाने कॅन्सरच्या पेशी नष्ट’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. कधी हळद, कधी लक्ष्मणफळ, कधी एखादी रानवनस्पती. ही बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. कुठल्यातरी प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर तो अर्क टाकला आणि पेशी खरोखरच मेल्या, इतकं खरं असतं. पण ताटलीतल्या पेशी मारणं अवघड नाहीच. मीठ जास्त झालं तरी त्या मरतात, ब्लीचच्या थेंबाने मरतात, इन्क्युबेटर रात्रभर पाच-सात अंशांनी जास्त तापला तरी मरतात.

म्हणून कॅन्सरवरची औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत पेशी मेली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. शेजारची निरोगी पेशी जगली का? जेवढ्या प्रमाणात रेणू दिला तेवढा माणसाच्या रक्तात पोचेल का? आणि जे प्रथिन अडवायला आपण हा रेणू बनवला ते अडल्यामुळेच पेशी मेली, की भलत्याच कारणाने? हे प्रश्न प्रयोगाने सोडवणं म्हणजे सेल बायॉलॉजिस्टचं, पेशीजीवशास्त्रज्ञाचं काम. यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर न शोधता पुढे गेल्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे, ती कशी ते पुढे येईलच.

औषधशोध हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुठलं प्रथिन अडवायचं ते आधी ठरतं, त्याला टार्गेट म्हणतात. त्या प्रथिनाच्या खाचेत बसतील असे रेणू रसायनशास्त्रज्ञ बनवतात, एकामागून एक, शेकड्यांनी. रेणू किती घट्ट बसतो ते आधी शुद्ध प्रथिनावर मोजलं जातं. पण परीक्षानळीतलं शुद्ध प्रथिन वेगळं आणि जिवंत पेशी वेगळी. पेशीला पडदा आहे, तो ओलांडून रेणू आत जायला हवा. आत आलेली परकी वस्तू बाहेर फेकणारे पंप तिच्याकडे आहेत. आणि आत हजारो इतर प्रथिनं आहेत, त्यांतल्या कुठल्याही प्रथिनाला हा रेणू चिकटू शकतो. सेल बायॉलॉजिस्ट दर आठवड्याला नव्या रेणूंचा पेशीतला हिशोब मांडतो आणि त्यावरून पुढचे रेणू कसे बनवायचे ते ठरतं.

या कामाचा पाया म्हणजे पेशी सांभाळणं. बाहेरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, पण सगळा डोलारा त्यावर उभा असतो. रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या आणि शरीराबाहेर वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. त्या ३७ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये, फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. वर साखर, क्षार, अमिनो आम्लं असलेला पोषक द्राव, म्हणजे मीडिया असतो. त्यात बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास गायीच्या गर्भाच्या रक्तापासून काढलेलं सीरम घालावं लागतं. हे सीरम कारखान्यात ठरावीक मापाने बनत नसल्यामुळे एका खेपेचं दुसऱ्या खेपेसारखं नसतं. सीरमची बाटली बदलली आणि पेशींची वाढ मंदावली, असं घडतं.

सकाळी इन्क्युबेटर उघडून फ्लास्क उजेडात धरला की पहिली खबर रंगावरून मिळते. मीडियात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. लाल-गुलाबी असेल तर ठीक. नारिंगीकडे झुकला असेल तर पेशी दाटल्या, आम्ल साठायला लागलं, आज त्यांची विभागणी करायला हवी. पिवळाजर्द आणि वर गढूळ असेल तर जंतू शिरले, फ्लास्क टाकून द्यायचा. जांभळट झाला असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तपासायचा. मग हूडखाली, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात, हात आणि बाटल्या ७० टक्के अल्कोहोलने पुसून, जुना मीडिया ओढून काढायचा, ट्रिप्सिन घालून तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायच्या. काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पसरट पेशी गोल होऊन तरंगताना दिसतात. त्यातला थेंब ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगात मिसळून काचेच्या चौकटीवर मोजायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली निळी दिसते. ठरावीक पेशी नव्या फ्लास्कमध्ये, उरलेल्या प्रयोगाला. हे आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षभर. पेशींना रविवार आणि गणपतीची सुट्टी नसते.

प्रयोगासाठी ९६ खाचांची प्लेट घेतात, आठ ओळी आणि बारा रकाने. एकेका खाचेत, म्हणजे वेलमध्ये, काही हजार पेशी टाकायच्या. कडेच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं आणि आकडे बिघडतात, म्हणून तिथे नुसता द्राव भरून ठेवणं बरं. दुसऱ्या दिवशी रेणू द्यायचा, तो सहसा डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला असतो. सगळ्यात जास्त डोसपासून सुरुवात करून दर पायरीला तिपटीने पातळ करत आठ-दहा डोस. शेजारी काही वेलमध्ये नुसतं डीएमएसओ, कारण तेही जास्त झालं तर पेशींना बाधतं. प्रत्येक डोस तीन-तीन वेलमध्ये. मग ७२ तास वाट पाहायची आणि मोजणी करायची.

मोजणीची एक जुनी पद्धत १९८३ सालची, एमटीटी नावाची. पिवळा एमटीटी जिवंत पेशींतल्या चयापचयामुळे जांभळ्या स्फटिकांत बदलतो, ते विरघळवून रंगाची तीव्रता यंत्रावर मोजायची. औषध न दिलेल्या वेलच्या तुलनेत हा आकडा निम्म्यावर आणणारा डोस म्हणजे आयसी५०. शोधनिबंधात आणि बातमीत झळकतो तो बहुधा हाच आकडा.

आता हा आकडा किती फसवा असू शकतो ते पाहू. समजा, पेशी दर २४ तासांनी दुप्पट होतात. ७२ तासांत औषध न दिलेल्या वेलमध्ये एका पेशीच्या आठ होतील. दुसऱ्या वेलमधल्या औषधाने एकही पेशी मेली नाही, फक्त विभाजन पहिल्याच दिवशी थांबलं, तर तिथे एकाची एकच राहील. यंत्र सांगेल, १२.५ टक्के शिल्लक. घाईघाईने लिहिणारा लिहील, ८७ टक्के पेशी नष्ट. प्रत्यक्षात मेली एकही नाही. औषध काढून घेतलं तर त्या पुन्हा वाढायला लागतील. म्हणून नुसत्या एमटीटीवर कुठलाही जाणता माणूस थांबत नाही. वाढ थांबली की मृत्यू झाला, हे वेगळं पाहावं लागतं. पेशी स्वतःचा ठरवून अंत करते तेव्हा कॅस्पेज नावाची प्रथिनं कापली जाऊन जागी होतात, ते वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत दिसतं.

हळदीचं कोडंही इथेच उलगडतं. कुरकुमीन हा हळदीतला पिवळा रेणू. तो स्वतः रंगीत असल्याने आणि प्रकाश टाकला की चमकत असल्याने रंग किंवा चमक मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये ढवळाढवळ करतो. एका ठरावीक प्रथिनावर बसण्याऐवजी तो कितीतरी प्रथिनांना चिकटतो. रक्तासारख्या किंचित अल्कधर्मी द्रावात तो झपाट्याने तुटतो. ताटलीत पेशी मारायला जेवढं कुरकुमीन लागतं तेवढं माणसाच्या रक्तात पोचवता येत नाही. रोज काही ग्रॅम गिळलं तरी बहुतेक आतड्यातून आणि यकृतातून रूप बदलून बाहेर पडतं. भाजीतली हळद उत्तमच आहे, ती खावी. पण ‘पेशी मेल्या’ एवढ्या आधारावर कुणी केमोथेरपी सोडून हळदीचं पाणी पिऊ लागलं, तर ते पाहून जीव तुटतो. ताटलीतला आकडा आणि उपचार यांच्यामध्ये केवढी वाट आहे, हे त्या माणसाला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मग खरं औषध कसं उभं राहतं? त्यासाठी ओलापरिब या कॅन्सरच्या औषधाची गोष्ट सांगतो. या व्यवसायातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच.

आपल्या पेशींतला डीएनए सतत तुटत असतो आणि पेशी तो सतत दुरुस्त करत असते. दुहेरी धाग्यातला एकच धागा तुटला तर दुरुस्तीला पार्प हे प्रथिन धावतं. ते न जमल्यास, पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते तेव्हा ती मोड दोन्ही धाग्यांची होते. ही मोठी मोड बिनचूक जोडायला बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही प्रथिनं लागतात. त्यांची जनुकं १९९४ आणि १९९५ साली हाती आली. ज्या बाईला आईकडून किंवा वडिलांकडून यांतल्या एका जनुकाची बिघडलेली प्रत मिळते, तिला स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. तिच्या शरीरातल्या निरोगी पेशींत दुसरी, चांगली प्रत शाबूत असते. गाठीतल्या पेशींनी मात्र तीही गमावलेली असते.

गावात दोन विहिरी असतील तर एक आटली तरी गाव तगून राहतं. पण ज्या गावाची एक विहीर आधीच आटली आहे, तिथे दुसरी बुजवली तर गाव उठतं. गाठीतल्या पेशींची बीआरसीएची विहीर आटलेली आहे, औषधाने पार्पची बुजवायची. निरोगी पेशींकडे बीआरसीए आहे, त्या निभावून नेतात.

ही कल्पना पेशींवर सिद्ध झाली ती एप्रिल २००५ मध्ये. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या ॲलन ॲशवर्थ यांच्या गटाचा, केंब्रिजच्या कुडॉस या छोट्या कंपनीच्या सोबतीने, आणि दुसरा शेफील्डच्या थॉमस हेलडे यांच्या गटाचा. बीआरसीए२ नसलेल्या पेशी आणि असलेल्या पेशी, बाकी सगळं शक्य तितकं सारखं. पार्प अडवणारा रेणू दोघींना दिला. बीआरसीए२ नसलेल्या पेशी कितीतरी पटींनी कमी डोसला मेल्या, काही प्रयोगांत साधारण शंभर पटींनी कमी. दोन पेशींमध्ये एकाच जनुकाचा फरक, आणि तेवढ्यावर जगणं-मरणं ठरतं. पेशी का मेली, याचं उत्तर प्रयोगाच्या रचनेतच होतं.

यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. ७२ तासांच्या एमटीटीत हा परिणाम पुष्कळदा नीट दिसतच नाही, कारण पार्प अडवल्याचं नुकसान एकेका विभाजनासोबत साठत जातं. म्हणून इथे कॉलनी मोजतात. ताटलीत मोजक्या काही शे पेशी विरळ पसरायच्या, औषध द्यायचं आणि दहा ते चौदा दिवस थांबायचं. जी पेशी खरोखर वाचली तिच्यापासून पन्नास किंवा जास्त पेशींचा ठिपका तयार होतो. क्रिस्टल व्हायोलेटने जांभळे रंगवून ठिपके मोजायचे. बीआरसीए असलेल्या पेशींची ताटली ठिपक्यांनी भरलेली, नसलेल्यांची जवळजवळ कोरी. प्रत्येक पेशीला ‘तू पुढे वंश वाढवू शकतेस का’ असं विचारणारी ही चाचणी संथ आहे, कष्टाची आहे, आणि तरी मी तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो.

दुसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो. पेशींना क्ष-किरण देऊन डीएनए तोडायचा, काही तासांनी आरएडी५१ या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाला चमकत्या प्रतिपिंडाने रंगवायचं. निरोगी पेशीच्या केंद्रकात हिरवे ठिपके उमटतात, प्रत्येक ठिपका म्हणजे जिथे जोडणी चालू आहे ती जागा. बीआरसीए२ नसलेल्या पेशीत आरएडी५१ आहे, पण त्याला मोडीच्या जागी नेऊन बसवणारं कुणी नाही. ठिपके जवळजवळ उमटतच नाहीत.

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपात ओलापरिब या पार्प अडवणाऱ्या औषधाला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. २०१८ साली एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. बीआरसीए बिघडलेल्या, पहिल्या केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांपैकी ओलापरिब घेणाऱ्यांत तीन वर्षांनंतर ६० टक्क्यांचा आजार पुढे सरकलेला नव्हता. औषधाऐवजी निव्वळ दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. जनुक सापडण्यापासून गोळी मिळेपर्यंत वीस वर्षं लागली.

गोष्ट इथे संपत नाही, कारण पेशी हार मानत नाहीत. बिघडलेल्या बीआरसीए२ मध्ये आणखी एक बदल होऊन प्रथिन पुन्हा कामापुरतं वाचता येईल असं होतं, हे २००८ मध्येच दिसलं होतं. म्हणजे आटलेल्या विहिरीला परत पाणी. पुढे २०१२ साली आणखी एक गोष्ट लक्षात आली. ही औषधं पार्पचं काम थांबवतातच, शिवाय पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवतात, आणि ते अडकलेलं पार्प नक्कल करणाऱ्या यंत्रणेच्या वाटेत येतं. पार्पला अडकवण्याची ताकद प्रत्येक औषधात वेगळी, टॅलाझोपरिबमध्ये फार, वेलिपरिबमध्ये कमी. औषध परवानगीच्या उंबरठ्यावर असताना ते नेमकं कसं मारतं याबद्दलची समज सुधारत होती, आणि ही समज पेशींवरच्या प्रयोगांतूनच आली.

आता त्याच काळातली दुसरी बाजू. इनिपरिब नावाचा रेणू पार्प अडवणारा म्हणून पुढे आला होता. स्तनाच्या कॅन्सरचा जो प्रकार हार्मोनच्या किंवा हर-टू या प्रथिनावरच्या औषधांना दाद देत नाही, त्याच्या १२३ रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत केमोथेरपीसोबत इनिपरिब दिल्यावर आयुर्मान ७.७ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेलेलं दिसलं. सगळीकडे आशेचं वातावरण झालं. २०११ मध्येच पाचशेहून अधिक रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल आले आणि तो फायदा टिकला नाही. त्यानंतर स्वतंत्र प्रयोगशाळांनी पेशींमध्ये तपासलं, तेव्हा कळलं की इनिपरिब जिवंत पेशीत पार्पला खऱ्या अर्थाने अडवतच नाही.

ही तपासणी फार अवघड नाही, म्हणूनच हळहळ जास्त वाटते. पार्प जागं झालं की ते पार नावाच्या लांब साखळ्या बनवतं. पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं की डीएनए तुटतो, पार्प जागतं, साखळ्या तयार होतात. त्या ओळखणारं प्रतिपिंड बाजारात मिळतं. औषध दिलेल्या पेशीत साखळ्या नाहीशा झाल्या तर पार्प अडलं, तशाच राहिल्या तर नाही. हा काही दिवसांचा प्रयोग आहे. गंभीर आजारी असलेल्या शेकडो बायकांनी चाचणीत नाव नोंदवलं, सलाइनच्या सुया टोचून घेतल्या, आणि आपण पार्पचं औषध घेत आहोत असं त्यांना वाटत होतं. शिवाय इनिपरिब पडल्यावर पार्पची कल्पनाच फसवी आहे अशी शंका खऱ्या पार्प औषधांवरही आली आणि त्यांची वाटचाल काही काळ मंदावली.

हा अपवाद होता असं म्हणता आलं असतं, पण अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या जेसन शेल्टझर यांच्या गटाने ती सोय ठेवली नाही. मेल्क नावाचं प्रथिन अनेक गाठींमध्ये जास्त प्रमाणात आढळतं. ते कॅन्सरला आवश्यक आहे असं अनेक निबंधांत लिहिलं गेलं, ते अडवणारं औषध रुग्णांच्या चाचणीपर्यंत पोचलं. शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने मेल्कचं जनुकच तोडून टाकलं. पेशी आधीसारख्याच वाढत राहिल्या. मग मेल्क नसलेल्या त्या पेशींना मेल्कचं औषध दिलं. त्या तेवढ्याच डोसला मेल्या. ज्या प्रथिनावर औषध बसतं असं मानलं जात होतं ते पेशीत नव्हतंच, तरी पेशी मरत होती. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये त्यांनी सहा वेगवेगळ्या प्रथिनांवरच्या दहा औषधांची हीच परीक्षा घेतली. टार्गेट काढून टाकलं तरी औषधांचा मारा तसाच राहिला.

त्यांतल्या ओटीएस९६४ या एका रेणूचा त्यांनी मुळापर्यंत छडा लावला. पेशींना औषधाच्या मोठ्या डोसमध्ये ठेवून ज्या मोजक्या वाचल्या त्या वेचल्या, त्यांचे डीएनए वाचले. वाचलेल्या पेशींत सीडीके११ या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडला. तोच एक बदल साध्या पेशींत घडवला, तर त्या पेशीही औषधाला पुरून उरल्या. म्हणजे रेणू बनवला होता एका प्रथिनासाठी आणि मारत होता सीडीके११ अडवून. रेणूचा खरा पत्ता सापडला, आणि सीडीके११ कडे नव्याने लक्ष गेलं. मला हा प्रयोग पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो, कारण औषध का मारतं याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

आधीच्या लोकांचं कुठे चुकलं? बऱ्याच जणांनी प्रथिन कमी करायला आरएनए इंटरफेरन्सची, म्हणजे जनुकाचा संदेश दाबण्याची पद्धत वापरली होती आणि ती कधीकधी भलतीच जनुकंही दाबते. कुणी लबाडी केली असं समजायचं कारण नाही. प्रत्येक पद्धतीला आपल्या मर्यादा असतात. म्हणून एकच निष्कर्ष दोन-तीन वेगळ्या वाटांनी मिळायला हवा: रेणूने, जनुक तोडून, आणि औषधाला न जुमानणारं बदललेलं प्रथिन परत पेशीत घालून.

आणि हे सगळं करण्याआधी पेशी कोणाची आहे हे माहीत असायला हवं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. त्याच हेला पेशी. त्या इतक्या जोमाने वाढतात की शेजारच्या फ्लास्कमध्ये चुकून एखादी गेली तरी काही आठवड्यांत मूळ पेशींना मागे टाकतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अठरा सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच होत्या. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन तर वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. तिची जनुकं त्वचेच्या मेलॅनोमाशी जुळतात हे २००० नंतर स्पष्ट होत गेलं, तरी जुन्या नावाने तिचा वापर होतच राहिला. आता डीएनएच्या ठरावीक जागा तपासून सेल लाइनची ओळख पटवतात, गुन्ह्याच्या तपासात वापरतात तीच पद्धत.

मायकोप्लाझ्मा हा दुसरा छुपा त्रास. या अतिसूक्ष्म जिवाणूला भित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. मीडिया गढूळ होत नाही, रंग फारसा बदलत नाही, पेशी वाढत राहतात. पण निकाल बदलतात. जेमसिटाबिन या कॅन्सरच्या औषधाचं तर तो स्वतःच विघटन करतो, आणि आपण समजतो की पेशी औषधाला दाद देत नाहीत. दर महिन्याला पीसीआरने तपासणी करणं हाच त्यावर उपाय. दुर्लक्ष केलं तर अनेक महिन्यांचं काम वाया जातं.

आपल्याकडे सेल लाइन हव्या असल्या की देशभरातल्या प्रयोगशाळा बऱ्याचदा पुण्याकडे पाहतात. विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या भांडारात द्रवरूप नायट्रोजनमध्ये पेशी जपून ठेवलेल्या आहेत आणि तिथून त्या पुरवल्या जातात. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. तिथल्या स्क्रीनिंग सुविधेत बाहेरच्या संशोधकांचे रेणू सेल लाइनवर तपासून दिले जातात. तिथली पद्धत एसआरबी, ती चयापचय न मोजता पेशींतलं एकूण प्रथिन मोजते.

या क्षेत्रात यायचं तर बायोटेक किंवा लाइफ सायन्समध्ये एमएस्सी, मग बहुतेकांना पाच-सहा वर्षांची पीएचडी. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू इथल्या परदेशी कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या संस्थांमध्ये एमएस्सीनंतरही काम मिळतं आणि तिथे प्लेटवरची शिस्त उत्तम शिकता येते. अपयशाची तयारी मात्र हवी. माणसांवरच्या चाचण्यांत शिरलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकीही शंभरातली जेमतेम पाच-सहा बाजारात येतात. त्याआधी प्रयोगशाळेतच बाद झालेल्या रेणूंची गणतीच नाही. एखादा रेणू चुकीच्या कारणाने पेशी मारतो हे वेळेत दाखवून देणं हीसुद्धा मोठी कामगिरी आहे. बैठकीत सगळे उत्साहात असताना ते सांगायला धैर्य लागतं.

मला सगळ्यात ओढ वाटते ती तोंडाच्या कॅन्सरच्या कामाची. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यामुळे आपल्याकडे गालाच्या आतल्या भागाचा आणि हिरडीचा कॅन्सर फार. पण जगभर वापरल्या जाणाऱ्या डोक्या-मानेच्या सेल लाइन बहुतांशी पाश्चात्त्य रुग्णांच्या, बऱ्याच जिभेच्या किंवा घशाच्या. ॲक्ट्रेकमध्ये तंबाखू चघळणाऱ्या इथल्या रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींपासून नव्या सेल लाइन तयार केल्या गेल्या आहेत, त्यांची जनुकं वाचली गेली आहेत. या प्रकारच्या गाठींत टीपी५३ हे पेशीला लगाम घालणारं जनुक पुष्कळदा बिघडलेलं असतं. नाहीशा झालेल्या प्रथिनावर औषध बसवता येत नाही, त्यामुळे पार्पसारखीच वाट शोधावी लागते. टीपी५३ नसल्यावर ही पेशी दुसऱ्या कशावर जगते आहे? क्रिस्परने एकेका पेशीत एकेक जनुक तोडायचं, असं हजारो जनुकांचं, आणि कुठलं तोडल्यावर इथली पेशी मरते पण निरोगी तोंडाची पेशी जगते ते पाहायचं. साधनं आज हाताशी आहेत, पेशीही आहेत. करणारे हात अजून पुष्कळ लागतील.